टेपवरून रिस्टोअर अडलं तर रॅमच्या मागे लागू नका

बडोद्यात मकरपुरा जीआयडीसी या औद्योगिक वसाहतीतल्या एखाद्या कारखान्यात सिस्टिम ॲडमिन म्हणून लागलात की टेप ड्राइव्ह कधी ना कधी गळ्यात पडतोच. जुने हिशेब, जुनी ड्रॉइंग्ज, सगळं तिथेच असतं. लिनक्स आणि टार (फाइल्सचा गठ्ठा करून टेपवर लिहिणारी-वाचणारी कमांड) तुम्हाला येतं असं धरून, मला सगळ्यात जास्त छळलेल्या गोष्टीकडे थेट वळतो.

आधीच्या माणसानं भरलेली टेप. केबल ठीक, एमटी या टेप हाताळणाऱ्या कमांडच्या स्टेटसमध्ये ‘ऑनलाइन’ दिसतंय. टारकडे यादी मागितली की उत्तर येतं, ‘कॅनॉट अलोकेट मेमरी’. साहेब पाठीशी उभे, अकाउंट्सचे फोन चालू, आणि आपण सर्व्हरची मेमरी तपासत बसतो. ते आठवलं की अजून पोटात गोळा येतो. त्या मेसेजचा तुमच्या रॅमशी काडीचाही संबंध नाही!

टेपवर डेटा ब्लॉकनं लिहिलेला असतो आणि ब्लॉक अख्खाच वाचावा लागतो. वेगळं सांगितलं नाही तर टार ५१२ बाइटचे २० तुकडे, म्हणजे १०,२४० बाइट एका वेळी मागतं. टेपवरचा ब्लॉक २५६ केबीचा असेल तर तो एवढ्यात मावत नाही, आणि एसटी, म्हणजे लिनक्सचा टेप ड्रायव्हर, त्याला मेमरीचा एरर म्हणतो. डेटा शाबूत असतो. पुन्हा सांगतो, डेटा शाबूत असतो. पण घाबरून त्या टेपवर ‘टेस्ट’ म्हणून काही लिहिलंत तर संपलं: जिथे लिहाल तिथेच डेटा संपल्याची खूण पडते आणि पुढचं काहीच वाचता येत नाही. म्हणून सगळ्यात आधी कार्ट्रिजची राइट-प्रोटेक्टची खटकी सरकवा.

मग एमटीनं टेप रिवाइंड करा आणि सेटब्लॉक (setblk) शून्य करा, म्हणजे टेपवर ज्या आकाराचा ब्लॉक असेल तसा वाचला जातो. डीडी या जसाच्या तसा डेटा कॉपी करणाऱ्या कमांडला ब्लॉक साइझ १ एमबी आणि काउंट १ देऊन एकच ब्लॉक फाइलमध्ये काढा. फाइलचा आकार हाच टेपवरचा ब्लॉक. २,६२,१४४ आला तर ५१२ नं भागा. येणारे ५१२ टारच्या ‘बी’ ऑप्शनला द्या. त्याआधी परत रिवाइंड करा, कारण डीडीनं टेप पुढे नेलेली असते.

एकाच टेप ड्राइव्हला लिनक्समध्ये एसटी० (/dev/st0) आणि एनएसटी० (/dev/nst0) अशी दोन डिव्हाइस नावं असतात; कायम एनएसटी० वापरा. एसटी० बंद होताच टेप गुंडाळतं आणि पुढचा टार आधीच्या बॅकअपवरच बसतो. ड्रायव्हर लोड झाला नसेल तर रूटनं चालवलेलं टार त्या नावाची साधी फाइल बनवून निवांत भरत राहतं. ती रॅममध्ये असते, रीबूट झालं की गेली. स्क्रिप्टमध्ये आधी तपासा की ते खरंच कॅरेक्टर डिव्हाइस आहे, साधी फाइल नाही.

महागडं बॅकअप सॉफ्टवेअर आधी आणि एमटी नंतर, हा शॉर्टकट मला मुळीच पटत नाही. त्यात हिरवी खूण दिसते, टेप कुठे उभी आहे ते कळत नाही. आणि कीबोर्ड ओढून घेऊन स्वतःच दुरुस्त करणाऱ्या सीनियरकडून काही शिकायला मिळत नाही. मला सगळं शिकवलं ते आमच्या दांडिया बाजारातल्या एका काकांनी. ते फक्त विचारायचे, ‘लेबलवर ब्लॉक लिहिलास का?’

टेपचा एक संच दुसरीकडे ठेवा, तोही वरच्या मजल्यावर. २०१९ आणि २०२४ साली विश्वामित्रीचं पाणी कुठवर आलं होतं, ते बडोदेकरांना सांगायला नको. दर महिन्याला एखादी फाइल दुसऱ्याच मशीनवर रिस्टोअर करून बघा. पहिल्यांदा हात थरथरतील. थरथरू द्या, टेप खटकीनं सुरक्षित आहे.

नवा ड्राइव्ह घेताना मात्र सावध. एलटीओ हा टेपचा प्रकार, पुढचा आकडा त्याची पिढी. एलटीओ-७ पर्यंतचे ड्राइव्ह दोन पिढ्या मागच्या टेप वाचतात, एलटीओ-८ फक्त एलटीओ-७ पर्यंतच मागे जातो. कपाटात एलटीओ-६ च्या टेप असतील तर त्या नव्या टेपवर उतरवून, तपासून होईपर्यंत जुना ड्राइव्ह भंगारात देऊ नका, खरेदी विभागानं कितीही घाई केली तरी.