सातपुड्यातील कोळशाचे खडक पाहताना या चुका टाळा

सोलापुरातील भूशास्त्राचे विद्यार्थी अभ्यास सहलीला सातपुड्यात जातात आणि वहीत दरवर्षी त्याच चुका घेऊन परततात. आपल्याकडे विहीर खणली तरी काळी माती, मुरूम आणि खाली बेसाल्टच लागतो, त्यामुळे गाळाच्या खडकांची सवय नसते, हे मान्य आहे; घाई मात्र मला मान्य नाही.

सर्वांत महागात पडणारी चूक नती, म्हणजे थर आडव्या पातळीशी किती अंशांनी कलला आहे ते, मोजताना होते. कन्हान खोऱ्यातील एका नाल्यात एका गटाने कोळशाचे थर असलेल्या बराकर वालुकाश्मातील पहिल्याच तिरकस रेघांवर क्लायनोमीटर (कल मोजण्याचे साधन) टेकवला, २५ अंश नोंदवले आणि सर्वांच्या आधी डबे उघडले. रात्री त्यांनी छेद (जमिनीखालच्या थरांचे उभे चित्र) काढला, तेव्हा दृश्यांशापासून (थर जमिनीवर उघडा दिसतो त्या जागेपासून) अवघ्या १ किलोमीटरवर कोळशाचा थर सुमारे ४६५ मीटर खोल गेला होता, तरी कोणालाही शंका आली नाही. या खोऱ्यातील थर साधारणपणे उत्तरेकडे ५ अंशांच्या आसपास कलतात. त्या हिशेबाने खोली ८७ मीटर येते. त्या तिरकस रेघा म्हणजे प्राचीन नदीने वाळू ढकलत नेताना पडलेले उतार होते, थराचा कल नव्हे. मी नती शेलच्या (चिखलापासून बनलेल्या पातळ थरांच्या खडकाच्या) सपाट पृष्ठभागावरच घेतो, आणि तीही दोन-चार ठिकाणी. कलाची दिशा घेताना मोबाइलमधील होकायंत्रावर माझा विश्वास नाही. डोलेराइट या लोहयुक्त अग्निज खडकाच्या भित्तीजवळ (इतर खडकांत घुसलेल्या उभ्या पट्ट्याजवळ) तर साधी चुंबकसुईसुद्धा भरकटते.

दुसरी चूक जलविभाजकाची, म्हणजे दोन नद्यांकडे जाणारे पाणी वेगळे करणाऱ्या उंच रेषेची, आहे. नकाशावर ती रेषा काढली की तिच्यापलीकडे कोळसा संपला, असे अनेकजण धरून चालतात. प्रत्यक्षात पाथाखेडा या कोळसाक्षेत्राचे पाणी तवा नदीतून नर्मदेला मिळते, तर पेंच आणि कन्हान यांचे वैनगंगेमार्गे गोदावरीला. कोळसा मात्र दोन्हीकडे आहे. तो सुमारे २८ कोटी वर्षांपूर्वीच्या पर्मियन काळातला, त्यावर पसरलेला लाव्हा सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा, आणि आजच्या दऱ्या त्यानंतर कोरल्या गेल्या. त्यामुळे कोळशाची हद्द दृश्यांश आणि विभंग (खडक तुटून सरकल्याच्या भेगा) पाहून आखावी, समोच्चरेषा पाहून नव्हे.

काळा शेल कोळसा म्हणून पिशवीत भरू नये. हातात घेताच तो जड लागतो.

सुमारे १३५० मीटर उंचीचा धूपगड हे सातपुड्याचे सर्वोच्च शिखर असून ते वालुकाश्माचे आहे. काळवंडलेला कडा दुरून पाहून त्याला बेसाल्ट लिहिणाऱ्यांनी हातोडीचा एक घाव घालून ताजा पृष्ठभाग पाहावा.