सार्वजनिक ग्रंथालयाने शासकीय अनुदानाच्या अर्जाची तयारी कशी करावी

अनुदानाचा अर्ज भरण्यास फारसा वेळ लागत नाही. त्यातील प्रत्येक आकडा ग्रंथालयात प्रत्यक्ष दाखवता यावा यासाठी मात्र काही महिने आधीपासून कामाला लागावे लागते. तपासणीस आलेला अधिकारी दाखल नोंदवही, म्हणजे आलेल्या प्रत्येक पुस्तकाची क्रमांकासह नोंद असलेली वही, उघडतो आणि त्यातील क्रमांकाचे पुस्तक कपाटात आहे का ते पाहतो, म्हणून तयारीची सुरुवात तेथूनच झालेली बरी.

१. कोणते अनुदान हवे ते ठरवा

महाराष्ट्रात सार्वजनिक ग्रंथालयांचा कारभार १९६७ च्या महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालये अधिनियमाखाली चालतो, तर मान्यता व अनुदानाच्या अटी १९७० च्या नियमांत आहेत. दैनंदिन खर्चासाठीचे परिरक्षण अनुदान शासनमान्य ग्रंथालयांना त्यांच्या अ, ब, क किंवा ड वर्गानुसार मिळते. तेव्हा मान्यता नसलेल्या संस्थेने आधी मान्यतेचा विचार करावा आणि त्यासाठीचे अर्ज सध्या स्वीकारले जात आहेत का, याची जिल्हा ग्रंथालय अधिकारी कार्यालयात चौकशी करावी. केंद्राकडून मिळणारे साहाय्य वेगळे आहे. १९७२ मध्ये स्थापन झालेल्या कोलकात्याच्या राजा राममोहन रॉय ग्रंथालय प्रतिष्ठानाच्या समान निधी (राज्य शासनाच्या हिश्श्यासह) व असमान निधी (राज्याच्या हिश्श्याविना) अशा दोन प्रकारच्या योजना असून, प्रत्येकीचा विहित नमुना व सोबतची कागदपत्रे निराळी असतात. एका योजनेसाठी केलेला प्रस्ताव दुसऱ्या योजनेच्या नमुन्यात जसाच्या तसा उतरवू नये.

२. संस्थेची कागदपत्रे अद्ययावत करा

नोंदणी प्रमाणपत्र, घटना व नियमावली, जागेच्या मालकीचा किंवा भाडेकराराचा पुरावा आणि संस्थेच्या नावाचे बँक खाते एवढे बहुतेकांकडे असते. अडते ते कार्यकारी मंडळापाशी. निवडणूक होऊन नवे पदाधिकारी काम पाहू लागतात, पण धर्मादाय कार्यालयाच्या दप्तरी जुनीच नावे राहतात. विश्वस्त किंवा पदाधिकारी बदलल्यास बदल अर्ज ९० दिवसांच्या आत दाखल करावयाचा असतो. तो राहिला असेल तर विलंब माफीच्या विनंतीसह आताच दाखल करावा, कारण अर्जावर सही करणाऱ्याचा अधिकारच वादात असेल तर पुढचे सारे काम खोळंबते.

३. ग्रंथ आणि नोंदी यांचा मेळ घाला

सर्वाधिक वेळ येथे द्यावा. मे २०१२ मध्ये राज्यातील ग्रंथालयांची महसूल यंत्रणेमार्फत पडताळणी झाली, तेव्हापासून केवळ कागदावरच्या ग्रंथालयांबद्दलचा संशय प्रामाणिक संस्थांनाही सोसावा लागतो. दाखल नोंदवहीतील पहिल्या क्रमांकापासून प्रत्येक पुस्तक कपाटात, वाचकाकडे किंवा बांधणीला आहे का ते तपासावे. एकाने क्रमांक वाचावा, दुसऱ्याने पुस्तक काढून त्यावरील शिक्का व क्रमांक पाहावा. गहाळ व जीर्ण ग्रंथांच्या स्वतंत्र याद्या कार्यकारी मंडळापुढे ठेवून, नियमांनुसार ठराव व आवश्यक ती मंजुरी झाल्यावरच ते बाद करावेत आणि ठरावाची तारीख त्या नोंदीसमोर लिहावी. नोंदवहीत खाडाखोड करू नये. चूक एका रेघेने काटून सही करणे पुरेसे आहे.

यानंतर सभासद नोंदवही, वर्गणीच्या पावत्या आणि देवघेव नोंदी शेजारी ठेवाव्यात. सभासद भरपूर आणि वर्गणी तुरळक असेल, तर त्याचे स्पष्टीकरण विचारले जाणारच. वाचकांची दैनिक स्वाक्षरी वही महिनाअखेरीस एका बैठकीत भरलेली असेल तर ती एकाच शाईवरून व हस्ताक्षरावरून सहज ओळखू येते, आणि अशा एका वहीमुळे बाकीच्या खऱ्या नोंदींवरचाही विश्वास जातो.

४. हिशेब

१ एप्रिल ते ३१ मार्च या वर्षाचे लेखापरीक्षण वेळेत करून घ्यावे. रोजकीर्द, खतावणी, प्रमाणके आणि बँक पुस्तक यांतील आकडे जुळले पाहिजेत. कर्मचाऱ्यांचे वेतन बँकेतून दिलेले असावे. पूर्वीच्या अनुदानाचे उपयोगिता प्रमाणपत्र प्रलंबित असेल, तर नवा अर्ज करण्याआधी ते सादर करावे. खरेदी केलेली कपाटे, टेबले, संगणक यांची नोंद जडसंग्रह नोंदवहीत आहे ना, हेही पाहावे.

५. प्रस्ताव लिहा आणि सादर करा

इमारत, साधनसामग्री किंवा बालविभागासाठी मागणी असेल तेव्हा "वाचनसंस्कृती वाढावी" एवढे कारण पुरत नाही. सध्या किती मुले येतात, कोठे बसतात, कोणती पुस्तके नेतात आणि नव्या खर्चाने त्यात काय बदलेल, हे ग्रंथालयाच्याच नोंदींवरून लिहावे. अंदाजपत्रकाला दरपत्रके जोडावीत आणि संस्थेने स्वतःचा हिस्सा द्यावयाचा असेल तर ती रक्कम कोठून येणार हे कार्यकारी मंडळाच्या ठरावात नमूद करावे.

अर्जाची आणि सर्व जोडपत्रांची एक प्रत ग्रंथालयात ठेवून, कार्यालयाची तारखेसह पोच घ्यावी. तपासणीच्या दिवशी ग्रंथपालाबरोबर हिशेब ठेवणारी व्यक्तीही हजर असावी. निघालेल्या त्रुटी लेखी मागून घ्याव्यात आणि त्यांची पूर्तता दिलेल्या मुदतीत, आधीच्या पत्राचा जावक क्रमांक नमूद करून पाठवावी.