गोळी चालू आहे आणि लग्न ठरतंय: कुणाला, कधी, काय सांगायचं

"लग्न लावून द्या, ताळ्यावर येईल." हा सल्ला सोलापुरात शेजारणीपासून मामापर्यंत कुणीही देतं. लग्नाने ना स्किझोफ्रेनिया (भास-भ्रम होणारा मानसिक आजार) जातो, ना बायपोलर (कधी उन्माद म्हणजे अतिउत्साहाचा झटका, कधी खोल उदासी). आजार लपवून लग्न लावलं की आधी बंद पडते ती गोळी. दोन खोल्यांत आठ माणसं, डबी ठेवायची कुठे? सासूने विचारलं की "डोकं दुखतंय" म्हणून वेळ मारून न्यायची, मग एक दिवस चुकवायची, मग आठवडा. आजार उलटला की दोष नव्या सुनेच्या पायगुणावर, नाहीतर करणीवर.

म्हणून सांगायचं. पसंती झाल्यावर, पण सुपारी फुटायच्या आत. पत्रिका छापल्यावर सांगणं म्हणजे न सांगण्यासारखंच. मध्यस्थाकरवी निरोप नको. त्याच्या तोंडी एक तर "जरा टेन्शन होतं" उरतं, नाहीतर "वेडाचे झटके". ज्याचं लग्न आहे त्याने स्वतः, आधी होणाऱ्या जोडीदाराला सांगावं, थोरांना नंतर. काय झालं होतं, आता कसं आहे आणि काय सांभाळावं लागतं, एवढंच पुरे:

"चार वर्षांपूर्वी मला महिनाभर झोप नव्हती, कुणीतरी मारायला येतंय असं वाटायचं. डॉक्टरांनी स्किझोफ्रेनिया सांगितला. आता रोज रात्री एक गोळी घेतो, कामावर जातो. गोळी सुटली तर त्रास परत होऊ शकतो."

सगळी फाईल पाहुण्यांपुढे ठेवायची गरज नाही. जोडीदाराला शंका असेल तर दोघांनी मिळून डॉक्टरांकडे जावं. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ नुसार माहिती गोपनीय असते. रुग्णाच्या परवानगीशिवाय डॉक्टर ती सासरच्यांना सांगणार नाहीत.

सोलापूरच्या पूर्व भागातल्या तेलुगू घरांत आणि कानडी घरांतही मामाला किंवा आत्याच्या मुलाला मुलगी देण्याची रीत आहे. तिथे आजार सगळ्यांना ठाऊक असतो आणि "आपलीच आहे, सांभाळून घेतील" यावर भागवलं जातं. सांभाळणं म्हणजे गोळी कोण आणणार, तपासणीला कोण नेणार, हे ठरवणं. ते कुणी ठरवत नाही. शिवाय स्किझोफ्रेनिया साधारण शंभरात एकाला होतो, आई किंवा वडिलांना असेल तर मुलांत शंभरात दहाच्या आसपास. दोन्हीकडून तेच रक्त असेल तर डॉक्टरांशी आधी बोला.

कायद्याची भीती अनेकदा उगीच दाखवतात. हिंदू विवाह कायद्यात निव्वळ गोळी चालू असणं हे घटस्फोटाचं कारण नाही. मिरगी नसावी ही लग्नाची अट तर १९९९ मध्येच काढली गेली. मात्र महत्त्वाची गोष्ट लपवून फसवणूक केल्याचं सिद्ध झालं तर लग्न रद्द होऊ शकतं. फसवणूक कळल्यापासून वर्षाच्या आत अर्ज करावा लागतो.

खरा धोका लग्नघरातल्या आठ-दहा दिवसांत. बायपोलरमध्ये सलग दोन-तीन रात्रींचं जागरण उन्माद आणायला पुरतं. हळद, वरात, मग तुळजापूर, मग रात्रभर गोंधळ. जागरण-गोंधळ महिन्यादोन महिन्यांनी ठेवा, किंवा जोडप्याने पूजेपुरतं बसून झोपायला जावं. देवी रागावत नाही, भावकी रागावते. तिला आधी सांगून ठेवा.

बायपोलरवरचं लिथियम हे औषध चालू असेल तर सोलापुरातलं मे महिन्यातलं लग्न जपून. पारा बेचाळिसावर, घाम, त्यात उपवास, पाणी कमी. रक्तातलं लिथियम वाढतं. हात जास्त थरथरणं, जुलाब, उलट्या, तोल जाणं, जीभ जड होणं दिसलं की पुढची गोळी न घेता लगेच दवाखाना गाठा. पाठ दुखली म्हणून मेडिकलवरून आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅक आणू नका, त्यानेही पातळी वाढते. लग्नाआधी पातळी तपासून घ्या; रक्त शेवटच्या गोळीनंतर बारा तासांनी द्यायचं असतं. चुकलेली गोळी दुसऱ्या दिवशी दुप्पट घ्यायची नाही.

मुलगी व्हॅल्प्रोएटवर (बायपोलरसाठीच दिलं जाणारं दुसरं औषध) असेल तर डॉक्टरांची भेट लग्नाआधीच. गरोदरपणात ते चालू राहिलं तर शंभरातल्या सुमारे दहा बाळांत जन्मजात व्यंग दिसतं. पर्याय असतात, पण बदलाला वेळ लागतो. गोळी स्वतःहून बंद करणं हा पर्याय नव्हे. बाळंतपणानंतरचे पहिले दोन आठवडे बायपोलर असलेल्या बाईसाठी सर्वांत नाजूक: रात्रीचं बाळ दुसऱ्या कुणी घ्यावं, तिला सलग झोप मिळावी.

घरात बोलणं जमतच नसेल तर टेलिमानस ही सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइन, १४४१६. फुकट, चोवीस तास, मराठीतही.