आवाज बदलणारं सॉफ्टवेअर वापरताय? या चुका टाळा

मदत मागायला येणारे बहुतेक जण एकच सांगतात, "सॉफ्टवेअर बेकार आहे, दुसरं कुठलं चांगलं सांगा." दहातल्या नऊ वेळा सॉफ्टवेअर ठीकच असतं. गडबड त्याच्या आधी माईकमध्ये असते, नाहीतर पुढे ज्या अ‍ॅपमधून आवाज समोरच्याकडे जातो तिथे. पण ते तपासायला धीर लागतो. नवं सॉफ्टवेअर उतरवायला दोन मिनिटं पुरतात, म्हणून सगळे तेच करत बसतात.

पहिली चूक म्हणजे पिचची, म्हणजे आवाजाच्या उंचीची, सरकपट्टी धरून ओढणं. पुरुषाला बाईचा आवाज हवा असतो, म्हणून तो पिच वर नेतो. आवाज चिरका येतो, मग अजून वर नेतो. हे किती वेळा पाहिलं याला गणती नाही.

इथे नेमकं काय होतं ते समजून घ्या. आवाजाची उंची ठरते स्वरयंत्रातल्या पडद्यांच्या कंपनांवरून. पुरुषांची कंपनं साधारण सेकंदाला ११० ते १२०, बायकांची २००च्या आसपास. पण आवाज 'कोणाचा' वाटतो हे ठरायला घशापासून ओठांपर्यंतच्या पोकळीचाही मोठा हात असतो. प्रौढ पुरुषात ही पोकळी सुमारे १७ सेंटिमीटर असते, बाईत साधारण अडीच-तीन सेंटिमीटरने कमी. या पोकळीमुळे काही ठरावीक कंपनसंख्यांचा आवाज उठून येतो. त्या कंपनसंख्यांना फॉर्मंट म्हणतात, आणि बऱ्याच सॉफ्टवेअरमध्ये त्यांची वेगळी सरकपट्टी दिलेली असते. तिच्याकडे कोणी ढुंकून बघत नाही.

आता हिशोब करा. ११० वरून २०० वर जायला पिच साधारण दहा सेमीटोन (पेटीवरच्या लगतच्या दोन सुरांमधलं अंतर म्हणजे एक सेमीटोन) वाढवावा लागतो. साध्या पद्धतीच्या सॉफ्टवेअरमध्ये पिचबरोबर फॉर्मंटही तेवढेच वर सरकतात. म्हणजे १७ सेंटिमीटरची पोकळी जणू नऊ-साडेनऊ सेंटिमीटरची होते. एवढी पोकळी अगदी लहान बाळाची असते, मोठ्या माणसाची नाही. कार्टूनमधल्या खारीसारखा आवाज येतो तो यामुळेच. खरं तर फॉर्मंट १५ ते २० टक्केच वर हवे असतात.

माझी सवय अशी: पिच शून्यावर ठेवायचा आणि आधी फक्त फॉर्मंट हलवायचा, तोही थोडाथोडा. आवाज दुसऱ्या माणसाचा वाटायला लागला की मग पिच तीन-चार सेमीटोन. उरलेलं काम स्वतःच्या बोलण्याने करायचं. वाक्याचा चढउतार बदला, शब्द सुटे करा, आपल्या नेहमीच्या स्वरापेक्षा जरा वर बोला. जाडा, राक्षसी आवाज हवा असेल तर हेच सगळं उलट्या दिशेने. नवख्यांना हा सल्ला आवडत नाही, त्यांना एका बटणात तयार आवाज हवा असतो. पण तयार प्रीसेट दुसऱ्या कुणाच्या आवाजावर बेतलेला असतो. तुमच्या गळ्यावर तो बसेलच असं नाही.

दुसरी चूक जास्त छळणारी, कारण ती करणाऱ्याला स्वतःला ऐकूच येत नाही. ओळखीतला एक मुलगा मित्रांबरोबर ऑनलाइन भूमिका-खेळ खेळतो, त्यात तो राक्षस झाला होता. हेडफोनमध्ये त्याचा त्याला आवाज एकदम दमदार यायचा. मित्रांना मात्र निम्मे शब्द गायब, उरलेले बुडबुडे फुटल्यासारखे. त्याने तीन सॉफ्टवेअर बदलली. मग विंडोज नव्याने टाकलं. माझ्याकडे आला तेव्हा, "काका, माईकच गेलाय, नवा घेतो," इथपर्यंत गाडी आली होती.

मी त्याला काहीही विकत न घेता ऑडॅसिटी हे रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर उघडायला लावलं आणि तेच एक वाक्य तीन ठिकाणी रेकॉर्ड करायला सांगितलं. आधी नुसता माईक, आवाज न बदलता. स्वच्छ. मग आवाज बदलून बाहेर पडतो तिथे. तेही स्वच्छ, राक्षस अगदी हवा तसा. मग कॉलच्या अ‍ॅपमधून मित्राकडे पोचलेला आवाज, मित्राच्या संगणकावर. तिथे चिंध्या. म्हणजे माईक निर्दोष, आवाज बदलणारं सॉफ्टवेअर निर्दोष. दोष होता कॉलच्या अ‍ॅपमधल्या नॉइज सप्रेशनमध्ये. ते माणसाचं बोलणं ठेवून बाकीचा गोंगाट कापतं, आणि राक्षसाचा खर्जातला घरघराट त्याला पंख्याचा आवाज वाटत होता. वर हेडसेटच्या स्वतःच्या सॉफ्टवेअरमध्येही तसलीच सफाई चालू होती, आणि आवाज बदलणाऱ्यातही. एकाच आवाजावर तीनदा कात्री. दोन ठिकाणची बंद केली आणि तो लगेच खेळायला बसला. मला वाईट वाटलं ते त्याच्या वाया गेलेल्या वेळाचं. पूर्ण विंडोज पुसण्याआधी एक रेकॉर्डिंग करून ऐकणं एवढं जड का जावं?

म्हणून सफाई एकाच जागी ठेवा, आवाज बदलण्याच्या आधी. डिस्कॉर्ड या कॉलच्या अ‍ॅपमध्ये नॉइज सप्रेशन, एको कॅन्सलेशन (प्रतिध्वनी कापणं) आणि ऑटोमॅटिक गेन कंट्रोल (आवाज आपोआप लहान-मोठा करणं) ही तिन्ही बटणं बंद करा. झूममध्ये 'ओरिजिनल साउंड' चालू करा. एको कॅन्सलेशन बंद केल्यावर स्पीकर लावून बसू नका, हेडफोनच हवेत. नाहीतर समोरच्याचा आवाज तुमच्या माईकमधून राक्षस होऊन त्याच्याकडेच परत जाईल.

बदललेला आवाज कॉलच्या अ‍ॅपपर्यंत न्यायला आभासी केबल लागते, म्हणजे एका सॉफ्टवेअरमधला आवाज दुसऱ्यात पोचवणारं सॉफ्टवेअर. तिच्या टोकांची नावं उलटी वाटतात, त्यात पुष्कळ जण अडकतात. व्हीबी-केबल ही अशी एक केबल टाकली तर आवाज बदलणाऱ्या सॉफ्टवेअरचं आउटपुट 'केबल इनपुट'ला द्यायचं आणि कॉलच्या अ‍ॅपमध्ये माईक म्हणून 'केबल आउटपुट' निवडायचं. केबलच्या एका तोंडात आवाज घालतो, दुसऱ्या तोंडातून काढतो, एवढं ध्यानात ठेवलं की पुरे. अ‍ॅपचा स्पीकर मात्र तुमचे हेडफोनच राहू द्या.

ब्लूटूथ हेडसेटचा माईक वापरू नका. माईक चालू झाला की बहुतेक हेडसेट फोनकॉलच्या दर्जावर उतरतात, म्हणजे सेकंदाला आवाजाचे ८,००० किंवा १६,००० नमुनेच घेतात. आवाजातले बारकावे तिथेच कापले जातात, मग सॉफ्टवेअर बदलणार काय? साधा तारेचा माईक बरा.

माईक, केबल आणि सॉफ्टवेअर, सगळीकडे सॅम्पल रेट, म्हणजे सेकंदाला किती नमुने घ्यायचे तो आकडा, एकच ठेवा. मी ४८,००० ठेवतो.

माईकचा गेन, म्हणजे तो आवाज किती वाढवून घेतो ते, कमी ठेवा. जोरात बोलल्यावर काटा उणे १२ डेसिबलच्या आसपास थांबला पाहिजे. फाटलेला आवाज बदलला तर फाटलेलाच बदलतो.

स्वतःचाच बदललेला आवाज उशिरा कानावर पडला की जीभ अडखळते. साध्या पिच बदलाला फारसा उशीर लागत नाही. सॉफ्टवेअर एका वेळी जेवढे नमुने जमवून पुढे पाठवतं त्याला बफर म्हणतात. ४८,००० ला २५६ नमुन्यांचा बफर म्हणजे जेमतेम पाच मिलिसेकंद, १,०२४ चा म्हणजे एकवीस. एआयवर चालणारी सॉफ्टवेअर मात्र आवाजाचा तुकडा जमवून मग त्यावर काम करतात, त्यामुळे उशीर सहज जाणवतो. बफर कमी केला आणि आवाज तुटायला लागला, तर संगणक तेवढा वेग झेपवू शकत नाही असं समजा आणि एक पायरी मागे या. आवाज पक्का झाला की 'स्वतःचा आवाज ऐका' हे बटण बंद करून टाका. मी तर पहिल्या पाच मिनिटांनंतर ते चालू ठेवतच नाही.

फुकट 'क्रॅक' केलेलं सॉफ्टवेअर उतरवू नका. तुम्ही त्याला माईक उघडून देत असता.

दुसऱ्या खऱ्या माणसाचा आवाज काढून कुणाला फोन करायचा असेल, तर माझ्याकडे येऊ नका. ती फसवणूक आहे, आणि त्यात मी कुणालाच मदत करत नाही.

ओळख लपवण्यासाठी नुसत्या पिचवर विसंबणारेही भेटतात. ठरावीक सेमीटोनने सरकवलेला आवाज तेवढ्याच सेमीटोनने मागे आणता येतो, आणि बोलण्याची लकब, ठेवणीतले शब्द, श्वासाची जागा तर मुळात बदललेलीच नसते. खरोखरच ओळख लपवणं गरजेचं असेल तर स्वतः बोलूच नका. मजकूर लिहा, ओळखीच्या लकबी खोडा आणि संगणकाच्या तयार आवाजात तो वाचून घ्या.