पाळणाघरातली छोटी जत्रा: मुलांचे खेळ घरच्या घरी कसे बनवावेत

लहान मुलांची जत्रा भरवायची म्हटलं की मोठ्यांचाच उत्साह उतू जातो. दहा-बारा खेळ, माईक, बक्षिसं, सगळं हवंसं वाटतं. पण दोन वर्षांचं मूल एका खोक्यात आणि एका चेंडूत रमतं, आणि रांगेत उभं केलं की रडायला लागतं. पंधरा मुलांना चार खेळ भरपूर झाले. मात्र ते असे बनवा की दुसऱ्या-तिसऱ्या प्रयत्नात मुलाला जमलंच पाहिजे. जमलं की ते मूल आपणहून पुन्हा खेळायला येतं.

सामान जमवताना

पुठ्ठ्याची खोकी, वर्तमानपत्रं, रिकाम्या बाटल्या, जुने मोजे, लोकर, कागदी चिकटपट्टी आणि थोडं वेल्क्रो एवढ्यावर सगळं भागतं. तीन वर्षांखालची मुलं असतील तर प्रत्येक वस्तू टॉयलेट पेपरच्या रिकाम्या नळीतून घालून बघा. आरपार गेली तर ती तोंडातही जाईल आणि घशात अडकेल, म्हणून बाजूला ठेवा. मणी, बटणं, बाटल्यांची सुटी झाकणं यातच बाद होतात.

फुगे नकोतच. फुटलेल्या फुग्याचा तुकडा घशाला चिकटला तर काढणं फार अवघड असतं. लोहचुंबकही नको. दोन चुंबक पोटात गेले तर ते आतड्याच्या भिंतींमधून एकमेकांना ओढतात आणि आतड्याला भोक पडू शकतं.

मासे पकडणे

मासे पकडायच्या खेळात बहुतेक ठिकाणी चुंबक वापरतात. त्याऐवजी वेल्क्रो आणि लोकर वापरा. वेल्क्रोची खरखरीत बाजू लोकरीला छान पकडते.

1. जाड पुठ्ठ्यावर साधारण 15 सेंटीमीटर लांबीचे मासे काढा आणि मोठ्यांनीच कापा. टोकं गोल ठेवा. आठ-दहा मासे पुरतात.

2. रंगवायचं काम मुलांकडे द्या. मासा जांभळा झाला, त्याला सहा डोळे आले, तरी तसाच राहू द्या. जत्रेच्या दिवशी प्रत्येक जण आधी आपला मासा शोधतो, म्हणून मागे नाव घाला.

3. रंग वाळला की दोन्ही बाजूंना वेल्क्रोच्या खरखरीत बाजूचा 3 सेंटीमीटरचा चौकोन लावा. नुसता चिकटवला तर मुलं नखांनी उचकटतात. सुई-दोऱ्याने पुठ्ठ्यातून आरपार चार टाके घाला.

4. गळासाठी वर्तमानपत्राचे तीन-चार कागद एकत्र घट्ट गुंडाळा आणि चिकटपट्टी लावा. 40 सेंटीमीटरची काठी पुरे. कागदाची काठी कुणाला लागली तरी वाकते, लाकडाची वाकत नाही.

5. लोकरीच्या जुन्या मोज्यात दुसरा मोजा कोंबून लिंबापेक्षा मोठा गोळा करा आणि तोंड शिवून टाका.

6. आता दोरी. हा खेळ जमणार की फसणार हे तिच्या लांबीवर ठरतं. दोन वर्षांच्या मुलाला डोलणारा गोळा आवरत नाही. तो माशाच्या बाजूलाच पडत राहतो आणि मूल काठी टाकून निघून जातं. त्यांच्यासाठी दोरी नकोच, गोळा थेट काठीच्या टोकाला पक्का बांधा. तीन वर्षांच्यांना 10 सेंटीमीटर दोरी द्या, चार-पाच वर्षांच्यांना 20. त्याहून लांब दोरी गळ्याभोवती गुंडाळली जाऊ शकते.

7. स्वतः खेळून बघा. गोळा माशावर टेकवून उचला. मासा अर्ध्यावर पडला तर वेल्क्रोचा चौकोन मोठा करा. सोडवताना जोर लागत असेल तर थोडा कापा.

तळ्यासाठी जमिनीवर निळी चादर पुरते. टबात पाणी भरायचा मोह टाळा, कारण अगदी थोड्या पाण्यातही लहान मूल बुडू शकतं. एका वेळी चारच मुलं बसवा, म्हणजे काठ्या एकमेकांच्या तोंडाशी येणार नाहीत.

बाकीचे तीन

मनोरा पाडण्यासाठी सहा रिकामी, धुतलेली दुधाची किंवा ज्यूसची खोकी घ्या. खाली तीन, मध्ये दोन, वर एक. चेंडू म्हणून मोज्यांचे गोळे. मुलांना नेम धरण्यापेक्षा तो धडाम आवाज आवडतो. म्हणून जवळून, अगदी हाताने पाडलं तरी चालेल. मनोरा पुन्हा रचण्यातही एखाद्या मुलाला घ्या. काहींना तेच काम खेळापेक्षा जास्त आवडतं.

रिंग टाकायचा खेळ चार वर्षांपुढच्यांचा. वर्तमानपत्राची सुरळी गोल वळवून वर चिकटपट्टी गुंडाळा. आतला व्यास 20 सेंटीमीटर ठेवा, आणि मूल अर्ध्या मीटरवर उभं करा. रिंग ज्या बाटलीवर टाकायची तिच्यात तळाशी वाळू भरून झाकण चिकटपट्टीने पक्कं बंद करा.

सगळ्यात लहानांसाठी मोठ्या खोक्याच्या वरच्या बाजूला चेंडूपेक्षा जरा मोठं भोक पाडा आणि खाली समोर एक दार कापा. चेंडू वरून टाकला की खालून बाहेर येतो. वर्षाचं मूल हेच पुन्हा पुन्हा करत बसतं, त्याला थांबवू नका.

जत्रेच्या दिवशी

मुलांची पोटं भरलेली आणि झोप झालेली असेल अशी वेळ निवडा. तीन-चार मुलांचे गट करा, प्रत्येक खेळापाशी एक ताई बसवा आणि अर्ध्या तासात आवरतं घ्या. रांग लावू नका. खेळ रिकामा दिसेल तिकडे ताईंनी मुलांना वळवावं. गुण मोजू नका, पहिला-दुसरा काढू नका. खेळला की हाताच्या पंजावर एक शिक्का, सगळ्यांना सारखाच. कार्ड करायचं असेल तर ते गळ्यात अडकवू नका, टोपलीत ठेवा.

काही मुलं नुसती कडेला उभी राहून बघतील. त्यांना हाताला धरून ओढू नका. जत्रा झाल्यावर खेळ लगेच आवरून न ठेवता पुढचे काही दिवस कोपऱ्यात मांडून ठेवा. त्या दिवशी न खेळलेली मुलं गर्दी नसताना हळूच येऊन गळ हातात घेतात. फक्त रोज सकाळी मांडण्याआधी वेल्क्रोचे टाके आणि बाटलीचं झाकण ओढून बघा. सैल झालं असेल तर ते दुरुस्त होईपर्यंत वर फळीवर ठेवा.