हॅमस्टरचं घर लावताना: आधी तळ, मग भुसा

पेट शॉपमध्ये हॅमस्टरसोबत जो रंगीत, दोन-तीन मजली तारेचा पिंजरा दाखवतात, तो घेऊ नका. त्याचा तळ जेमतेम दीड फूट लांब असतो, भुसा दोन बोटांपेक्षा जास्त मावत नाही आणि चाक इतकं लहान की पळताना प्राण्याची पाठ मागे वाकते. हॅमस्टर मुळात खणणारा प्राणी आहे. सीरियात अलेप्पोच्या परिसरातल्या शेतांमध्ये संशोधकांनी सोनेरी (म्हणजेच सीरियन) हॅमस्टरची बिळं मोजली, तेव्हा ती सरासरी 65 सेंमी खोल निघाली. घरी एवढी खोली देणं अवघड आहे, पण पैसा मजल्यांवर घालवायचा नाही, तळावर आणि भुशावर घालवायचा, हे त्यातून पक्कं कळतं.

तळ किमान 100 बाय 50 सेंमी आणि उंची 50 सेंमी धरा. रोबोरोव्हस्कीसारख्या छोट्या ड्वार्फ (बुटक्या जातीच्या) हॅमस्टरलाही यापेक्षा कमी नको, तो तर जास्तच पळतो. सगळ्यात सोयीची म्हणजे काचेची टाकी. मत्स्यालयाच्या दुकानात ऑर्डर देताना ‘पाणी भरायचं नाही’ असं स्पष्ट सांगा, म्हणजे 5 मिमीची काच चालते. गळते म्हणून बाजूला ठेवलेली जुनी टाकी मिळाली तर फारच उत्तम, ती स्वस्तात पडते. एवढी टाकी रिकामीच साधारण 25 किलो भरते, त्यामुळे टेबल मजबूत हवं. झाकणाला लाकडी पट्ट्यांची चौकट करून त्यावर 6 मिमी भोकांची वेल्डेड जाळी ठोका. झाकण संपूर्ण जाळीचंच हवं. अर्धं बंद ठेवलं तर आत दमट हवा कोंडते आणि लघवीचा अमोनिया साचतो.

भुशाबाबत मात्र तडजोड नको. सुताराकडचा भुसा फुकट मिळतो, पण त्यात प्लायवूडचा डिंक, पॉलिश आणि बारीक धूळ असते, आणि हॅमस्टरची फुप्फुसं नाजूक असतात. पाइन आणि देवदाराचा सुवासिक भुसाही टाळा. मक्याच्या कणसाचे दाणेदार तुकडे पावसाळ्यात बुरशी धरतात आणि त्यात बोगदा टिकत नाही. कागदी बेडिंग (भुशाऐवजी अंथरायचे कागदाचे तुकडे) किंवा आस्पेन या झाडाचा भुसा घ्या. तीन भाग भुशात एक भाग सुकं गवत मिसळा, गवताच्या काड्यांमुळे बोगद्याचं छत धरून राहतं. पाच-पाच सेंमीचा थर टाकायचा, तळहाताने दाबायचा, मग पुढचा थर. पुरेसं दाबलंय का हे पाहायला दोन बोटं आडवी खुपसून बाहेर काढा. भोक जागच्या जागी राहिलं तर ठीक, ढासळलं तर अजून दाबा.

सगळीकडे सारखी जाडी ठेवू नका. टाकीच्या 60 सेंमी भागात 28 ते 30 सेंमी भुसा भरा आणि उरलेल्या 40 सेंमीत फक्त 10. मध्ये लाकडी फळी उभी करा. असं केलं नाही तर चाकाला उंची पुरत नाही: 28 सेंमीचं चाक स्टँडसकट 31-32 सेंमी होतं आणि खोल भुशावर ठेवलं की झाकणच बसत नाही. या हिशोबाने एकूण शंभरेक लिटर बेडिंग लागेल, त्यामुळे छोटी पाकिटं न घेता मोठा गठ्ठा मागवा.

सीरियनला चाक 28 सेंमीचं, ड्वार्फला 20 चं. धावपट्टी सलग हवी, तारेच्या दांड्यांची नको, त्यात पाय अडकून मोडतो. चाक, घर, वाळूचं भांडं अशी जड वस्तू नुसत्या भुशावर ठेवली की खालचं बीळ दबतं आणि प्राणी आत गाडला जाऊ शकतो. म्हणून टाकीच्या तळापर्यंत पोचणाऱ्या चार पायांचा लाकडी पाट करून त्यावरच ठेवा.

घर बिनतळाचं, दोन-तीन खोल्यांचं घ्या. ड्वार्फला भोक पाडून कडा घासलेली करवंटी छान चालते. अंथरुणाला बिनवासाचा पांढरा टिश्यू पेपर फाडून द्या. दुकानात मिळणारा कापसासारखा ‘फ्लफ’ अजिबात नको. त्याचे धागे पायाला गुंडाळतात, पोटात गेले तर आतडं तुंबतं.

वाळूचं भांडं रोज लागतं. बारीक वाळू चाळून, धुऊन, लोखंडी कढईत पंधरा-वीस मिनिटं कोरडी भाजा आणि गार झाल्यावर 3 सेंमी भरा. पिठासारखी ‘बाथ पावडर’ घेऊ नका, ती श्वासात जाते. बरेच हॅमस्टर याच वाळूत लघवी करतात, त्यामुळे साफसफाईही सोपी होते.

टाकी उन्हात, टीव्हीशेजारी किंवा स्वयंपाकघरात नको. 20 ते 24 अंश तापमान त्याला मानवतं, 30 च्या वर जीव धोक्यात येतो. विदर्भ-मराठवाड्यातल्या उन्हाळ्यात घरातली सगळ्यात गार खोली त्याला द्या आणि चाकाच्या बाजूला शहाबादी फरशीचा तुकडा ठेवा, तो त्यावर पसरून झोपतो. मुंग्यांचा बंदोबस्त पहिल्या दिवशीच करा: टेबलाचे पाय पाण्याच्या वाट्यांत. मुंग्यांची पावडर किंवा खडू जवळपासही नको.

एका टाकीत एकच हॅमस्टर. ‘जोडी घ्या, करमेल’ असं दुकानदार म्हणेल, पण सीरियन वयात आले की एकमेकांना जीव जाईपर्यंत चावतात.

आणल्यावर दुकानातला मूठभर जुना भुसा आत टाका, ओळखीचा वास राहतो. डबा आतच उघडून ठेवा आणि तीन-चार दिवस हात लावू नका. संध्याकाळी पाणी बदला, बाटली असेल तर टोकाचा गोळा बोटाने दाबून पाणी येतंय ना ते बघा, आणि चमचाभर दाणे भुशावर विखरून टाका. सफाई करताना सगळा भुसा कधीच बदलू नका. ओला भाग रोज काढा आणि महिन्यातून एकदा फार तर एक तृतीयांश नवा घाला. साठवलेल्या दाण्यांपैकी ओलं, सडकं तेवढंच उचला. अख्खं कोठार रिकामं केलं की तो बिथरतो आणि काच ओरबाडत बसतो.