दुखण्यात क्रुसाकडे बघायचं कसं

आईची किमो चालू होती तेव्हा घरी येणारा प्रत्येक जण म्हणायचा, देवाची इच्छा, आपापला क्रूस उचलायलाच लागतो, म्हणजे वाट्याला आलेलं दुःख सोसायलाच लागतं. आई नुसती मान हलवायची आणि ते गेले की भिंतीकडे तोंड करून पडायची. तेव्हा कोणीतरी सांगायला हवं होतं ते लिहितेय.

सगळ्यात आधी, अर्थ शोधायची घाई करू नका. आधी रडा, देवाशी भांडा. येशूने गेथशेमाने बागेत हा प्याला माझ्यापासून दूर कर असंच मागितलं होतं ना, आणि क्रुसावर "माझ्या देवा, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास?" असं तो ओरडला, ती बायबलमधल्या स्तोत्र २२ ची सुरुवात आहे. ते अख्खं वाचा, मोठ्याने. हाडं निखळलीत, जीभ टाळूला चिकटलीय, सगळं आहे त्यात, आजारी माणसाला समजवायला लागत नाही.

मग क्रुसाची वाट, म्हणजे येशूला शिक्षा झाली तिथपासून कबरेपर्यंतच्या प्रसंगांवर, म्हणजे स्थानांवर, एकेक थांबून करायची प्रार्थना. उपवासकाळ (ईस्टरआधीचे चाळीस दिवस) येईपर्यंत थांबू नका आणि १४ स्थानं एका दमात नकोत, दिवसाला एकच घ्या. आम्ही पाचव्यावर आठवडाभर थांबलो. कुरेनेकर शिमोन शेतावरून येत होता बिचारा, शिपायांनी धरून त्याच्या खांद्यावर क्रूस दिला, म्हणजे खुद्द येशूलाही दुसऱ्याचा खांदा लागला. त्या रात्री आई पहिल्यांदा म्हणाली, "उठताना मला धर गं", त्याआधी ती माझा हात झटकून भिंतीला धरत बाथरूमला जायची. तुमचा शिमोन कोण ते बघा आणि त्याला जवळ येऊ द्या. तुम्ही धडधाकट असाल तर प्रवचन नको, डबा न्या, एक रात्र हॉस्पिटलात झोपा.

आणि हे कळकळीने सांगते, नवऱ्याचा मार हा क्रूस नाही, तिथून निघा, मदत मागा. औषध असेल तर घ्या. येशू आजाऱ्यांना बरं करत फिरला, आजार जपून ठेव असं कोणाला म्हणाला नाही.

शेवटी बायबलमधल्या योहानाच्या शुभवर्तमानाचा २० वा अध्याय वाचा. येशू मेलेल्यातून उठला तरी खिळ्यांचे व्रण तसेच, थोमा या शिष्याला त्याने तेच दाखवले, लपवले नाहीत. आईच्या गळ्याखाली पोर्टचा, म्हणजे किमोचं औषध द्यायला कातडीखाली बसवतात त्या उपकरणाचा, व्रण आहे, कायम पदराने झाकायची. यंदा गुड फ्रायडेला क्रुसाचा मुका घ्यायच्या रांगेत पदर सरकला होता, तिने तो सारखा केला नाही.